काटकसरीचे घर आणि मजुराचा दाम

व्याख्यानमालेच्या चालकांनी 'पर्यावरण आणि बांधकामाचा धंदा' असा विषय सुचविला, तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत थोडा हशा पिकला. झाडापाण्याची काळजी कंत्राटदाराने घ्यावयाची आणि त्यावर व्याख्यान मजुरांच्या संघटनेने द्यावयाचे, हा उफराटा न्याय झाला, असे आमच्या एका सहकाऱ्याचे म्हणणे पडले. पण थोडा विचार करता असे दिसले की, या विषयाला एक इतिहास आहे, आणि तो विद्वानांच्या टाकापेक्षा गवंड्याच्या थापीला अधिक ठाऊक आहे. तो सांगावयाचा तर केरळात जावे लागते. मात्र त्याचा आरंभ आपल्या मुंबईत झालेला आहे.

१९४४च्या सुमारास एक तरुण इंग्रज आर्किटेक्ट मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत मुंबईत अडकून पडला होता. त्याचे नाव लॉरेन्स विल्फ्रेड बेकर. लोक पुढे त्यांना लॉरी बेकर म्हणू लागले. जन्म १९१७चा, बर्मिंगहॅमचा. पंथाने क्वेकर, म्हणजे युद्धात शस्त्र हाती न धरणारे. म्हणून महायुद्ध पेटल्यावर ते लढाईवर न जाता शुश्रूषापथकातून चीनमध्ये गेले आणि तेथे त्यांनी कुष्ठरोग्यांची सेवा केली. मुंबईच्या मुक्कामात त्यांची गांधीजींशी गाठ पडली. असे सांगतात की, बेकर यांच्या पायांत चिंध्यांपासून केलेले चिनी धर्तीचे जोडे होते आणि महात्माजींची दृष्टी प्रथम त्या जोड्यांवर गेली. पुढे घरांविषयी बोलणे निघाले. आदर्श खेड्यातले घर भोवतालच्या पाच मैलांत मिळणाऱ्या सामानातूनच उभे राहिले पाहिजे, हा गांधीजींचा विचार बेकर यांनी त्या वेळी ऐकला. आमच्यासारख्या माणसाला यात चरख्याचा वास येतो आणि चरख्याविषयी आमच्या चळवळीत पूर्वीपासून दोन मते आहेत. पण पाच मैलांची अट ही केवळ साधुवृत्तीची गोष्ट नव्हे, तो एक हिशेब आहे. तो कसा, हे पुढे कळेल.

बेकर १९४५ साली पुन्हा हिंदुस्थानात आले ते कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांची कामे करण्यासाठी. १९४८ साली त्यांनी डॉ. एलिझाबेथ यांच्याशी विवाह केला आणि हे जोडपे हिमालयाच्या कुशीत पिठोरागडजवळ जाऊन राहिले. तेथे ते सुमारे सोळा वर्षे होते. बाई रोगी तपासीत आणि साहेब दवाखाना, शाळा, घरे बांधीत. बर्मिंगहॅमच्या विद्यालयात शिकलेले पुष्कळसे त्या डोंगरात निरुपयोगी ठरले, कारण बरोबर आणलेल्या पुस्तकांत शेणामातीचा, ओबडधोबड दगडाचा, वाळवीचा उल्लेखसुद्धा नव्हता. गावचा माणूस मात्र त्याच सामानातून पिढ्यान्‌पिढ्या घर बांधीत होता आणि ते घर हिमवर्षावात टिकत होते. बेकर गावकऱ्यांचे शिष्य झाले. शिकलेला मनुष्य अडाण्याचा शिष्य होतो ही घटना आपल्या देशात इतकी विरळा आहे की, इतिहासाने तिची मुद्दाम नोंद ठेवावी. १९६३ साली हे कुटुंब केरळात आले आणि काही वर्षांनी तिरुवनंतपुरमला स्थायिक झाले.

आता त्या काळी बांधकामाच्या धंद्याची स्थिती काय होती ते पाहू. आपल्याकडे जुन्या वाड्यांना, पुलांना, देवळांना चुना वापरीत. चुनखडी भट्टीत भाजावयाची, ती विरवावयाची, मग दगडी चाकाच्या घाणीत बैल जुंपून चुना, वाळू आणि सुरखी मळावयाची. घाणीच्या किती फेऱ्या झाल्या यावर चुन्याची जात ठरे. १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. काँक्रीटचा प्रचार करण्यासाठी कारखानदारांनी १९२७ साली एक संघच स्थापन केला. १९३६ साली कंपन्या एकत्र येऊन 'असोसिएटेड सिमेंट' ही बलाढ्य कंपनी झाली. मुंबईची मरीन ड्राइव्हवरील घरांची रांग ही त्याच काळाची निशाणी होय. घाणी बंद पडली ती चुना वाईट होता म्हणून नव्हे. सिमेंट लवकर धरते, काम लवकर उरकते, आणि पोत्यांची मोजदाद मुकादमालाही करता येते, हे त्याचे कारण. चुन्याला मात्र जाणता माणूस लागतो.

सिमेंटचा खरा खर्च पोत्यावर छापलेला नसतो. चुनखडी व माती मिळून सुमारे १४५० अंश उष्णतेपर्यंत भाजावी लागतात. त्यासाठी कोळसा जळतो, आणि शिवाय त्या दगडातूनच कर्बवायू बाहेर पडतो. जगात माणसाच्या उद्योगांतून जेवढा कर्बवायू हवेत जातो, त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या पदरी पडतो. चुना भाजतानाही तो वायू निघतो, नाही असे नाही. पण चुन्याला ९०० अंशांच्या आसपासची आच पुरते, आणि भिंतीतला चुना पुढे वर्षानुवर्षे हवेतला तोच वायू शोषून कठीण होत जातो.

बेकर केरळात काम करू लागले तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. पोते मिळावयाचे ते परमिटावर, नाही तर काळ्या बाजारात. सिमेंटच्या वाटपावरून आपल्या महाराष्ट्रात काय रामायण घडले आणि १९८२च्या जानेवारीत मुख्यमंत्र्यांना कसे पायउतार व्हावे लागले, हे वडीलधाऱ्या मंडळींना आठवतच असेल. त्याच वर्षी नियंत्रण सैल झाले आणि १९८९ साली पुरते उठले. तेव्हा सिमेंट वाचविणारा मनुष्य १९७० साली केवळ निसर्गाचा मित्र नव्हता. तो परमिटवाल्याचा शत्रूही होता.

येथे धंद्यातली एक गोष्ट फोड करून सांगितली पाहिजे, कारण सर्वसाधारण नागरिकाला ती ठाऊक नसते. घराचा नकाशा काढणाऱ्याची फी बहुधा एकूण खर्चाच्या टक्क्यावर असते. कंत्राटदाराचे बिल मोजमापाच्या वहीवर निघते: इतके घनमीटर काँक्रीट, इतके किलो सळई, इतके चौरस मीटर गिलावा. प्रत्येक दरात त्याच्या नफ्याचा टक्का धरलेला असतो. म्हणजे इमारत जितकी जड, तितके दोघांचे पोट भरलेले. भिंतीतल्या पाव विटा वाचविणाऱ्या कंत्राटदाराचा नफाही त्या प्रमाणात घटतो. अशा माणसाला आपण 'पर्यावरणाचा विचार करा' म्हणून उपदेश करणे म्हणजे वाण्याला कमी तोला म्हणून सांगण्यासारखे आहे. तो मान डोलवील आणि जड तोलील. गमतीची गोष्ट अशी की, १९९६च्या कायद्याने बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी जो एक टक्का उपकर बसविला, तोही खर्चावरच. म्हणजे घर स्वस्त झाले तर आमचाही निधी घटावयाचा.

बेकर यांनी ही साखळी तोडली ती एका साध्या गोष्टीने. नकाशा काढणारा, हिशेब करणारा आणि बांधून घेणारा हा एकच माणूस, तो स्वतः. ते आपल्या गवंड्यांना, सुतारांना घेऊन जागेवर उभे राहत. जुन्या पाकिटांच्या पाठीवर चित्रे काढीत. झाड आडवे आले तर भिंत वळवीत आणि चढ असला तर घर चढावर पायऱ्यांनी बसवीत. मधला टक्केवारीचा माणूसच नसल्यामुळे वाचलेली वीट खरोखर वाचत असे.

त्यांच्या युक्त्यांपैकी दोन-तीन तरी नीट समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली भिंतीची. आपण नऊ इंची भिंत बांधताना विटा आडव्या, पसरट ठेवतो. बेकर त्या कडेवर उभ्या ठेवीत, दोन दर्शनी बाजूंना दोन आणि मध्ये पोकळी, आणि ठरावीक अंतरावर एक वीट आडवी घालून दोन्ही बाजू बांधून घेत. पोकळी उंदराच्या सापळ्यासारखी दिसते म्हणून इंग्रज गवंडी तिला 'रॅट-ट्रॅप' म्हणत. भिंतीची जाडी तीच राहते, पण विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात, मसालाही वाचतो, आणि आतल्या हवेमुळे उन्हाची तिरीप घरात शिरत नाही. दुसरी युक्ती स्लॅबची. स्लॅबवर भार आला की वरचा भाग दबतो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. ताण सळई सोसते. म्हणजे सळयांच्या जाळीतले खालचे काँक्रीट पुष्कळसे नुसते ओझे म्हणून लोंबत असते. बेकर त्या जागी सळयांच्या चौकटींतून टाकाऊ मंगळुरी कौलांच्या जोड्या बसवीत. काँक्रीट कमी, वजन कमी, म्हणून पोलादही कमी, आणि दोन कौलांमधल्या हवेने खोली गार. दारा-खिडक्यांवर काँक्रीटच्या लिंटेलऐवजी विटांची कमान आणि काचेच्या खिडकीऐवजी विटांची जाळी. पाडलेल्या घरांची दारे, खांब, तुळया ते हौसेने विकत घेत.

तिसरी गोष्ट म्हणजे गिलावा न करणे. ही दिसावयास सर्वांत सोपी आणि मजुराच्या दृष्टीने सर्वांत मोठी. गिलावा हा वाईट कंत्राटदाराचा जिवलग मित्र आहे. खाली भिंत वाकडी असो, सांधे उघडे असोत, विटा कच्च्या असोत, वर अर्धा-पाऊण इंच सिमेंट थापले की सगळे पाप झाकले जाते. आणि एकदा पाप झाकण्याची सोय झाली की चांगल्या गवंड्याची गरज उरत नाही. काँक्रीटच्या खांबांचा सांगाडा उभा राहिला की भिंत म्हणजे नुसता पडदा. तो कोणीही बांधावा, रोजही कमी द्यावा. ज्या मिस्त्रीच्या बापाने ओळंब्यावर कमानी वळविल्या, तो आज नाक्यावर बिगाऱ्याच्या रांगेत उभा असलेला आम्ही पाहिला आहे. उघड्या विटेची भिंत मात्र खोटे बोलत नाही. तिच्यात प्रत्येक सांधा दिसतो, म्हणून तेथे कारागीर लागतो, आणि कारागिराला कारागिराचा दाम द्यावा लागतो.

या पद्धतीचे मोठे प्रदर्शन म्हणजे तिरुवनंतपुरमच्या उल्लूर भागातील 'सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज' ही संस्था. अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांनी ती स्थापिली आणि मुख्यमंत्री अच्युत मेनन यांनी तिला पाठबळ दिले. राज हे पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या कामात होते आणि मेनन कम्युनिस्ट. १९७१च्या सुमारास बेकर यांच्याकडे काम आले. उतारावर, झाडे राखून, विटांच्या इमारती उभ्या राहिल्या. मध्ये ग्रंथालयाचा उंच गोल मनोरा, भोवती जाळीच्या भिंती. सरकारी इंजिनिअरांच्या मनात शंका होत्या. मनोरा आज पन्नास वर्षांनंतरही उभा आहे. पुढे १९८५ साली मेनन, राज आणि बेकर यांनी इतरांच्या साहाय्याने 'कॉस्टफोर्ड' ही संस्था काढली आणि हे तंत्र गवंड्यांना शिकविण्याचे काम अंगावर घेतले.

आम्हांला मात्र त्या मनोऱ्यापेक्षा तिरुवनंतपुरमच्या एस. टी. स्टँडजवळची दुसरी एक इमारत अधिक जवळची वाटते. ती म्हणजे इंडियन कॉफी हाउस. कॉफी बोर्डाने १९५७च्या सुमारास आपली उपाहारगृहे बंद करावयास घेतली आणि नोकर रस्त्यावर येण्याची वेळ आली. तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने त्या नोकरांनी सहकारी सोसायट्या काढून उपाहारगृहे स्वतः चालवावयास घेतली. अशा कामगारांच्या सोसायटीसाठी बेकर यांनी तांबड्या विटांचा एक गोल मनोरा बांधला. आत जिना नाही. चढण आपली शंखाच्या वळणाप्रमाणे वर वर जाते आणि तिच्याच कडेला टेबले मांडलेली. भिंतीला जाळी, म्हणून वारा खेळता. हमालापासून वकिलापर्यंत सर्व तेथे कॉफी घेतात.

आता हिशेब. नेहमीच्या पद्धतीने घर बांधले तर पैशाचा मोठा भाग सिमेंटच्या, पोलादाच्या, काचेच्या कारखान्याकडे जातो, म्हणजे गावाबाहेर आणि भट्टीत. बेकर पद्धतीत हे सामान कमी लागते आणि हातकाम अधिक लागते. म्हणून त्याच रुपयातला मजुरीचा वाटा वाढतो, आणि तो रुपया गवंडी, सुतार, भट्टीवाला, गाडीवान यांच्या मार्फत त्याच पंचक्रोशीत फिरतो. गांधीजींच्या पाच मैलांचा अर्थ आम्ही असा लावतो. जे इंधन वाचते तेच मजुरीत उतरते. 'स्वस्त घर' हा शब्द ऐकला की मजूर संघटना कान टवकारते, कारण आजवर स्वस्ताई म्हणजे रोजात कपात हाच अनुभव. येथे स्वस्ताई सामानात आहे. एवढा फरक ध्यानात घेतला की बिचकण्याचे कारण उरत नाही.

पर्यावरण हा मजुरांचा प्रश्न नव्हे असे म्हणणाऱ्यांना ऑस्ट्रेलियातली एक हकिगत सांगावीशी वाटते. १९७१ साली सिडनीत केलीज बुश नावाच्या रानाच्या तुकड्यावर घरे उठावयाची होती. तेथील काही गृहिणी सर्व दारे ठोठावून शेवटी बांधकाम मजुरांच्या युनियनकडे गेल्या. जॅक मंडे तिचे चिटणीस होते. युनियनने जाहीर केले की, येथे आमचा माणूस फावडे लावणार नाही. पुढच्या तीन-चार वर्षांत अशा चाळीसांवर बंद्या झाल्या आणि जुन्या वस्त्या, बागा वाचल्या. अखेर ती शाखा मोडली गेली ती तिच्याच मध्यवर्ती नेतृत्वाच्या हातून. हा घाव चळवळीच्या माणसाला ओळखीचा आहे. पण मंडे यांचा मार्ग 'बांधणार नाही' असे म्हणण्याचा होता. नाक्यावर रोज पहाटे उभ्या राहणाऱ्या आमच्या माणसाला तो परवडत नाही. त्याला 'असे बांधू' हे सांगणारा बेकर अधिक उपयोगी आहे.

बेकर यांचा देव्हारा करण्याचा मात्र आमचा विचार नाही. त्यांच्या पद्धतीचा प्राण म्हणजे वीट, आणि केरळातली वीट भाताच्या शेतातली चिकणमाती काढून, लाकूड जाळून होत असे. शेते खड्ड्यांत गेली. भातखाचरे वाचविण्यासाठी त्या राज्याला २००८ साली कायदा करावा लागला. शिवाय आखातातून पैसा आला, आणि उघड्या विटेचे घर लोकांना अपुऱ्या पैशाचे चिन्ह वाटू लागले. आज केरळच्या रस्त्याने जाताना काँक्रीटचे रंगीत बंगलेच डोळ्यांत भरतात. थोर माणसाला पद्मश्री द्यावी आणि घर मात्र शेजाऱ्यासारखे बांधावे, ही आपली रीत. त्यांना तो मान १९९० साली मिळाला. २००७ साली ते निवर्तले.

स्थानिक सामान म्हणजे सर्व मंगल, असेही कोणी समजू नये. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जवळजवळ आठ हजार माणसे गेली, ती बहुतेक पाच मैलांतल्याच दगडमातीखाली. दोन-दोन हात जाडीच्या भिंती, आतबाहेरचे दगड एकमेकांत गुंतविणारा आरपार दगड नाही, कोपरे बांधलेले नाहीत, आणि माळवदावर दर पावसाळ्याआधी टाकलेला मातीचा नवा थर. दोष दगडाचा नव्हता. दगड बांधण्याची विद्या गावातून निघून गेली होती. त्या भागातील एका गावाच्या पुनर्बांधणीसाठी केरळातील एका वृत्तपत्राने वाचकांकडून निधी गोळा केला, आणि तेथल्या घरांचा आराखडा बेकर यांचा होता. बाकी पुष्कळ ठिकाणी जुने गाव सोडून माळावर काँक्रीटच्या ओळी उठल्या.

आपल्याकडे आज काय आहे? वीजकेंद्राच्या राखेच्या विटा आहेत. १९९९च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरांच्या आतील वीटभट्ट्यांना राख वापरण्याची सक्ती केली आणि पुढे ते अंतर वाढविले. कोराडी, चंद्रपूर, परळी, एकलहरे येथे राखेचे डोंगर आहेत, म्हणून ही वीट आपल्या राज्यात मुबलक होऊ शकते. पाडकामाच्या राबिटाविषयी २०१६ साली स्वतंत्र नियम झाले. रात्री ट्रक नदीकाठी रिकामा करणारा ठेकेदार अजून आहे, पण निदान तो रात्री येतो. मोठ्या शहरांत 'हरित इमारत' म्हणून प्रमाणपत्रे मिळतात. त्यांत पाण्याचे, विजेचे गुण मोजतात, ते योग्यच आहे. काचेची अशी एक प्रमाणपत्रवाली इमारत आम्ही आतून पाहिली. तिच्या मागील बाजूस पत्र्याच्या खोल्यांत मजूर राहत होते आणि दगड कापणारी पोरे तोंडाला फडके बांधून धुळीत बसली होती. त्या धुळीने फुप्फुसे कायमची दगडावतात. प्रमाणपत्राच्या कागदात त्या धुळीला रकाना होता की नाही, हे आम्हांला कोणी दाखविले नाही.

खरा अडसर दरसूचीचा आहे. सरकारी काम निघते ते दरसूचीतल्या बाबींवर. जी बाब सूचीत ठसठशीत नाही, ती अंदाजपत्रकात येत नाही. जी अंदाजपत्रकात नाही, तिचे टेंडर निघत नाही, आणि जिचे टेंडर नाही ते काम मिस्त्री आपल्या पोराला शिकवीत नाही. म्हणून आमच्या संघटनेने गेल्या वर्षी एका नगरपालिकेला अर्ज दिला. त्यात चार गोष्टी मागितल्या. शाळेच्या नव्या खोल्यांना पोकळ भिंत आणि कौलांची स्लॅब धरावी. उघड्या वीटकामाला गिलाव्याच्या भिंतीपेक्षा वेगळा आणि चढा मजुरीदर लावावा. पाडकामातले दगड व लाकूड ठेकेदाराला फुकट न देता त्याच कामात जमेस धरावे. आणि सामान वाचविणाऱ्या ठेकेदाराला वाचलेल्या रकमेतला ठरीव हिस्सा मिळावा, म्हणजे जड तोलण्यात त्याचा फायदा उरणार नाही. शेवटच्या कलमावर आमच्याच बैठकीत दोन तास वाद झाला. ठेकेदाराच्या खिशाची काळजी युनियनने का वाहावी, असे तरुण मंडळींचे म्हणणे होते. अखेर 'वाचलेल्या रकमेतला तितकाच हिस्सा कामावरच्या मजुरांनाही' हे शब्द जोडून ते कलम मंजूर झाले. अर्जाला आवक क्रमांक मिळाला आहे. इंजिनिअरसाहेबांनी पोकळ भिंतीचा नमुना पाहावयास मागितला, म्हणून आमच्या दोन गवंड्यांनी कचेरीच्या आवारात कमरेइतकी भिंत बांधून ठेवली आहे.